हवेचा काढा

कोल्हापूरचा माणूस कुणाला भीत नाही असं म्हणतात, पण आमची अख्खी गल्ली एका काचेच्या पेल्याला भिते, आणि तो पेला आमच्या विहीणबाईंच्या हातात असतो. माझ्या लेकीच्या या सासूबाई, माझ्या घरापासून चार दारं पलीकडं राहतात. शिक्षण माझ्यासारखंच, म्हणजे सांगण्यासारखं नाही. पण जन्मभर धुणं धुऊन त्यांना एक उमगलंय, की धूर सगळा सारखा नसतो. ट्रकची काजळी पाण्यात नुसती काळी तरंगते, आणि पालापाचोळा, कचरा जाळल्याचा धूर मात्र विरघळतो, पाणी चहासारखं करतो. "तरंगतंय ते दिसतंय तरी. इरघळतंय ते गुमान अंगात जिरतंय की," हे त्यांचं ठरलेलं बोलणं.

मग काय, गच्चीवर पांढरं मलमलीचं फडकं दिवसभर ताणून बांधायचं, संध्याकाळी पेल्यातल्या पाण्यात खळबळून पिळायचं, आणि रंग बघून गुन्हेगार ठरवायचा. लग्नाला गेल्या आणि हॉलमागं कुणी पत्रावळ्या पेटवलेल्या दिसल्या, तर नवरदेवाच्या आधी आचाऱ्याला शिव्यांनी ओवाळतील अशी बाई. कोपऱ्यावरच्या फर्निचरवाल्यानं एकदा भुसा जाळला, तर ह्या पेला बशीत ठेवून थेट दुकानात. "घ्या पावणं." त्यानं बिचाऱ्यानं चहा म्हणून ओठांपर्यंत नेला आणि वासानं थबकला. बाई म्हणाल्या, "का थांबलासा? आमास्नी नाकानं रोज पाजतासा की." तेव्हापासून त्याचा भुसा पोत्यात भरून जातो.

हे सगळं आमच्या व्याह्यांसाठी. दम्यानं ते इतके बेजार झाले, की डॉक्टरांनी शहर सोडायला सांगितलं. त्यांच्या थोरल्या लेकीकडं राधानगरीला गेले. तुम्हीही जा, असं आम्ही सगळ्यांनी बाईंना विनवलं. घर आमचं, गल्ली आमची, जायचं तर धुरानं जावं, असं म्हणत, माझी लेक आणि जावई नोकरीला परगावी असूनही, त्या एकट्या मागं राहिल्या. हवा निवळली की व्याह्यांना परत आणायचं, एवढा एकच हट्ट.

आता गल्लीत कुणी काडी ओढत नाही. परवा मी पेला उजेडात धरला, मला तरी पाणी स्वच्छ वाटलं. म्हटलं, बोलवा आता. बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाल्या, पिवळट हाय. गल्ली ऐकते हो, पण शहर केवढं, वारा कुठून कुठून आणतो, पेला दाखवायचा तरी कुणाकुणाला? नेहमीप्रमाणं त्यांनी राधानगरीला फोन लावला. पलीकडून व्याही म्हणाले, "अगं, पिवळं असू दे न्हायतर काळं, मी येतो की. हितं करमंना."

बाई आवाज चढवून म्हणाल्या, "न्हाय. म्या सांगीन तवाच यायचं. आन् स्वेटर घालत जावा."

फोन ठेवून त्या फडकं धुवायला गेल्या, आणि नळ इतका मोठा सोडला, की मी काही बोलले असते तरी त्यांना ऐकू गेलं नसतं.