चाळीस सेकंदांचा डेड एअर

सीट नंबर चौदाच्या मॉनिटरला कुणीतरी लिंबू-मिरची बांधली, तेव्हा आमच्या आयटी खात्याची उरलीसुरली इज्जत गेली. आमचं आयटी खातं म्हणजे मी एकटा. दिवाकर काळे, वय त्रेपन्न, सोबत एक शिडी आणि एक टेस्टर.

आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरात, ओमती भागात, तिसऱ्या मजल्यावर आमचं छोटं कॉल सेंटर आहे. वॉटर प्युरिफायरच्या तक्रारी आम्ही ऐकतो. पाणी येत नाही, पाणी थांबत नाही, पाण्याला वास येतो. चौदावर बसायची प्राची वंजारी. चोवीस वर्षांची, महाराजपुरातून रोज स्कूटीवर येणारी, वडील फॅक्टरीत. मराठी तिला सगळं समजतं, बोलताना अर्ध्या वाक्यात हिंदी शिरते. तिच्या कॉलमध्ये डेड एअर येत होता.

डेड एअर म्हणजे फोन चालू, पण आमच्या बाजूने आवाज शून्य. गिऱ्हाईक 'हॅलो हॅलो' करतं, मग चिडतं, मग आमच्या आई-बहिणीची चौकशी करतं. आमच्याकडे दहा सेकंद माफ असतात. प्राचीचा डेड एअर तीस-चाळीस सेकंदांचा होता आणि आठवड्यातून दोन-तीनदा तरी यायचाच.

ऑपरेशन्स मॅनेजर सक्सेना सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं.

"काले जी, लाइन चेक कीजिए. महीने के आख़िरी शुक्रवार तक लिखके रिपोर्ट दीजिए."

"और लाइन ठीक निकली तो?" मी विचारलं.

"तो लड़की को जाना पड़ेगा. दो वॉर्निंग हो चुकी हैं."

मी कामाला लागलो. आमच्या धंद्यात एका वेळी एकच वस्तू बदलायची असते, म्हणजे दोष कशात होता ते कळतं. आधी हेडसेट बदलला. डेड एअर आला. केबल बदलली. आला. भिंतीतला पोर्ट बदलला, मग अख्खा कॉम्प्युटर बदलला. तरीही आला. त्यानंतर ती लिंबू-मिरची आली आणि टीम लीडरने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. शेवटी प्राचीला चौदावरून उचलून बावीसवर बसवलं. दोन दिवसांनी बावीसवर डेड एअर आला आणि चौदावर बसलेला पोरगा मजेत बोलत राहिला.

"सीट नहीं, लड़की ही खराब है," सक्सेना सर म्हणाले.

शेवटच्या आठवड्यात बुधवारी मी रेकॉर्डिंग काढून बसलो. आमच्याकडे कॉल दोन भागांत रेकॉर्ड होतो. गिऱ्हाईक एका कानात, एजंट दुसऱ्या कानात. मी गिऱ्हाइकाचा भाग बंद केला आणि नुसता प्राचीचा ऐकला. माइक मेला असता तर सन्नाटा मिळायला हवा होता. पण एसीची घरघर ऐकू येत होती. शेजारची पोरगी कुणाला तरी फिल्टर बदलायला सांगत होती, तेही स्वच्छ. आणि अगदी जवळून एक बारीक आवाज येत होता. चप, चप, चप. तोंडात काही नसताना ओठ हलल्याचा. मग पेनचं बटण, टिक-टिक-टिक. अडतीस सेकंदांनी प्राचीचा जड आवाज: "जी... जी सर, क्या बोला आपने?"

मी हेडफोन काढून ठेवला. तो चपचप आवाज मी घरी ऐकलेला होता, आणि तो माझा होता.

सहा वर्षांपूर्वी माझ्या बायकोने, वैशालीने, जेवणाच्या टेबलावर माझा व्हिडिओ काढला. त्यात मी ताटात भात नसताना भात चावतोय आणि शर्टाचं एकच बटण लावतोय, काढतोय, लावतोय. चेहऱ्यावर भाव असा की महत्त्वाची मीटिंग चालू आहे. न्यूरॉलॉजिस्टने तो पाहिला, तपासण्या केल्या आणि सांगितलं, अपस्मार. आपल्याकडे मिरगी म्हटलं की लोकांना फेस आणि हातपाय झाडणंच आठवतं. पण काही झटके असे शांत असतात. माणूस बसल्या जागी अर्धा-एक मिनिट गैरहजर होतो आणि परत आल्यावर आपण कुठे गेलो होतो हे त्याला ठाऊक नसतं.

गोळ्यांनी माझं आटोक्यात होतं. दोन वर्षं काही झालं नव्हतं. पण ऑफिसात मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. कारण आमच्या गच्चीवर इंटरनेटच्या डिशचा खांब आहे आणि त्यावर चढणारा मी एकटा. सांगितलं तर शिडी जाणार, शिडी गेली तर माझी गरज काय उरणार? गोळ्या मी जुन्या कनेक्टरच्या डब्यात ठेवायचो.

हे सगळं माहीत असलेली माणसं फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर होती. 'डोकं रीस्टार्ट' नावाचा आमचा ग्रुप आहे. कुणाचंच कुणाशी नातं नाही, सगळ्यांना अपस्मार. ॲडमिन अकोल्याच्या भारतीताई, रिटायर्ड मुख्याध्यापिका. नियम दोन. औषधाचा डोस कुणी कुणाला सांगायचा नाही, आणि बाबाचा नंबर टाकणाऱ्याला ताई पहिला मेसेज वाचून होताच हाकलतात. बाकी काहीही चालतं. झटक्यात आपण काय काय गाढवपणा केला याच्या तिथे चढाओढी लागतात. नागपूरचा जॅकी, मिठाईवाला, याने एकदा झटक्यात गिऱ्हाइकाच्या पिशवीत वजनकाटाच भरला होता. अजून त्याच्या पुढे कुणी गेलेलं नाही.

मी नाव न घेता सगळं लिहिलं. काय करू?

जॅकीचं लगेच आलं: "क्लिप टाक ना बे, आम्ही ऐकतो."

"मुळीच नाही," भारतीताईंनी दटावलं. "त्या पोरीची वस्तू आहे. आणि दिवाकर, तू डॉक्टर आहेस काय? नाहीस. तिला रोग सांगू नकोस. तिला तिचा आवाज ऐकव आणि तुझं सांग."

"माझं काहून सांगू, ताई? माझी शिडी जाईल."

"मग तिला कोणत्या तोंडाने सांगशील?"

यावर जॅकीने सहा अंगठे टाकले, म्हणजे त्याला नेमकं काय म्हणायचं होतं ते त्यालाच ठाऊक. मला मात्र राग आला. मी फोन उलटा ठेवून दिला.

गुरुवारी दुपारी मी प्राचीला सर्व्हर रूममध्ये बोलावलं, दार उघडं ठेवलं आणि कॉल लावला. तिने ऐकलं.

"हे मी नाही, काका. मी कधी अशी चपचप करून राहिली?"

"पुन्हा ऐक."

"मैं पेन भी नहीं बजाती!" ती बोलली, आणि तिची नजर स्वतःच्या हातातल्या पेनवर गेली.

"मिरगीच्या शांत झटक्यात असा आवाज येतो," मी म्हणालो.

"मला मिरगी आहे, असं म्हणून राहिले का तुम्ही?"

"तुला काय आहे ते मला माहीत नाही. मला आहे, एवढं माहीत आहे." मी तिला वैशालीने काढलेला व्हिडिओ दाखवला. बायको सोडून आजवर कुठल्या बाईने मला भात नसताना भात खाताना पाहिलेलं नव्हतं. प्राचीला आधी हसू फुटलं. मग ते थांबलं.

"काका," ती हळूच म्हणाली, "सोमवारी मी अधारतालवरून आली ना, तो चौक मला आठवतच नाही. इधर थी, फिर ऑफिस के नीचे थी. मला वाटलं विचारात होती."

तोवर मी नोकरीचाच विचार करत होतो, तिच्या आणि माझ्या. स्कूटी माझ्या डोक्यातच आली नव्हती.

"चावी दे," मी म्हणालो. तिने दिली. त्या संध्याकाळी तिचा भाऊ येऊन तिला आणि स्कूटीला घेऊन गेला.

शुक्रवारी मी रिपोर्ट दिला. हेडसेट ठीक, केबल ठीक, पोर्ट ठीक, लाइन ठीक.

"मतलब लड़की," सक्सेना सर म्हणाले.

प्राची माझ्या शेजारीच उभी होती. तिनेच यायचा हट्ट धरला होता. "सर, मुझे डॉक्टर को दिखाना है. काका बोलते हैं ये बीमारी हो सकती है. जान-बूझके नहीं करती मैं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "काले जी, आप डॉक्टर कब से हो गए?"

"डॉक्टर नहीं, सर. मरीज़ हूँ. छह साल से."

सर बराच वेळ बोलले नाहीत. आमच्या नियमाप्रमाणे तो डेड एअरच होता. मग ते ओरडले, "और आप खंभे पे चढ़ते हैं? छह साल से? पागल हैं क्या?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. बाहेर सगळे एजंट माइकवर हात ठेवून ऐकत होते.

शिडी त्याच दिवशी गेली. सरांनी तिला साखळी घालून कुलूप लावलं आणि चावी आपल्या खिशात टाकली. आता डिशचं काम बाहेरचा माणूस येऊन करतो आणि वाईट करतो. नोकरी मात्र राहिली. माझ्याशिवाय पासवर्ड कुणालाच माहीत नाहीत, हे त्यामागचं खरं कारण असावं.

प्राचीच्या तपासण्या झाल्या, अपस्मारच निघाला, गोळ्या सुरू झाल्या. भारतीताईंनी तिला ग्रुपमध्ये घेतलं. ती मराठी लिहायला लागली तशी जॅकीला तिच्या व्याकरणाच्या चुका काढायचा नवा उद्योग मिळाला. सरांनी तिला फोनवरून काढून चॅटवर बसवलं, म्हणजे गिऱ्हाइकाला टाइप करून उत्तर द्यायचं. चॅटवर चाळीस सेकंद गप्प राहणं याला जलद सेवा म्हणतात. तिला दोनदा शाबासकी मिळाली.

हिवाळ्यात पुतणीच्या लग्नाच्या धांदलीत मी दोन दिवस गोळ्या विसरलो. तिसऱ्या दिवशी दुपारी डिश वाऱ्याने फिरली आणि इंटरनेट गेलं. जुने दिवस असते तर मी तेव्हा खांबावर असतो. मी सर्व्हर रूममध्ये बाहेरच्या माणसाला फोन लावत होतो, एवढंच मला आठवतं.

डोळे उघडले तेव्हा मी जमिनीवर कुशीवर होतो. डोक्याखाली कुणाचा तरी स्वेटर होता. बाजूला प्राची मांडी घालून बसली होती, झटका किती वेळ चालला ते मोजायला हातातल्या फोनवर घड्याळ चालू. दारात सक्सेना सर उभे होते, एका पायात बूट आणि दुसरा हातात. मिरगी आली की बूट हुंगवतात, एवढं वैद्यकीय ज्ञान त्यांना होतं.

"काका, एक मिनिट दहा सेकंद," प्राची म्हणाली. "उठू नका अभी. सरांना मी आत येऊ नाही दिलं."