सातवं रीळ

डोंगराकडच्या अकोले गावातल्या पत्र्याच्या थेटरात गहिनीनाथ मशीन चालवायचा. मूळचा देवळाली प्रवऱ्याचा. उसाच्या पट्ट्यातला हा माणूस डोंगराकडं आला तो मामाच्या ओळखीनं, आणि राहिला तो मशीनच्या नादानं. कार्बनच्या दोन कांड्या एकमेकींसमोर धरून उजेड पाडायचा, त्या झिजल्या की पुढं सरकवायच्या, एक रीळ संपत आलं की दुसरं हाताशी ठेवायचं. सगळं काम हाताचं आणि कानाचं. पडद्याकडं बघायला त्याला सवड नसायची, आणि खरं सांगायचं तर हौसही नव्हती.

बहात्तर सालच्या फेब्रुवारीत थेटरचे मालक राधाकृष्ण शेठ मुंबईहून एक पिक्चर घेऊन आले. काळा-पांढरा. नाच नाही, मारामारी नाही, नावाजलेलं कुणी नाही. एका लहान गावातला मास्तरचा मुलगा आणि पोस्टमनची मुलगी यांचं जमतं, आणि जमलंय हे एकमेकांना सांगायला त्यांना अख्खा पिक्चर लागतो. एवढीच गोष्ट. पण त्याचं शूटिंग दोन वर्षांपूर्वी भंडारदऱ्याच्या बाजूला झालं होतं. "आपला डोंगर बघायला आपली माणसं येणारच," असं शेठचं म्हणणं. बाजारच्या दिवशी दुपारी तीनचा एकच खेळ ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं डबे परत जायचे होते.

सकाळी गहिनीनाथनं रिळं तपासून घेतली. सातव्या रिळात तर काहीच घडत नव्हतं. मुलगी नदीवर हंडा घेऊन येते, पलीकडं कुणी गावकरी म्हशी धूत असतो, मुलगी बघत उभी राहते, पाणी वाहतं. "हे काढलं तरी कुणाला कळायचं न्हाई," असं तो सहज बोलला, आणि बोलला ते डोक्यात राहिलं.

कारण त्या दिवशी त्याला पावणेसहाची राजूर गाडी सुटायच्या आधी स्टँडवर पोचायचं होतं. पुष्पावती राजूरच्या अलीकडच्या गावची. तिची आत्या बनुबाई बाजारात मिरच्या विकायला बसायची, पुष्पा तिच्या हाताखाली. गेलं वर्षभर दर बाजारी गाडी सुटायच्या आधी दहा मिनिटं, आत्या पाटी बांधत असताना, ही दोघं रसाच्या गुऱ्हाळामागं उभी राहायची. बोलणं फार नाहीच. मागच्या बाजारी मात्र पुष्पा बोलली होती.

"रविवारी पाव्हणे बघाया येनार हायेत. तुमाला काय बोलायचं आसंल तर पुढल्या बाजारी बोला. न्हाईतर मंग बोलूच नका."

नेमका त्याच दिवशी खेळ वीस मिनिटं उशिरा लागला. गर्दी होईल म्हणून शेठ थांबले, गर्दी काही झाली नाही. दारावर हैदर तिकिटं फाडत होता. मध्येच तो मशीनच्या खोलीत डोकावला.

"गहिनी, एक म्हातारी आली हाय बघ. वरच्या अंगाची, डोंगरातली. म्हनती, माझा पोरगा हाय पिक्चरात. म्या म्हनलं, हिरोची आई का? तर म्हनती, न्हाई बाबा, शेतकरी हाय. म्या तर लई खूश झालो. बसवली फुडं, जमिनीवर."

गहिनीनाथ हसला. कोणता पोरगा, कुठं दिसतो, हे त्यानं विचारलं नाही. त्याचं लक्ष घड्याळाकडं होतं.

पिक्चर संथ होताच, लोकांना तो अजून संथ वाटला. मध्यंतरानंतर ओरडा सुरू झाला. "आरं हिरोला कुनी उठवा रं!" "पोस्टात टाक चिट्ठी, बोलू नको!" एकानं तर "ये बैल, हाल की!" म्हणून शिट्टी मारली. गहिनीनाथनं सहावं रीळ उतरवलं. सातव्याचा डबा उघडाच होता. त्यानं तो टेबलाखाली सरकवला आणि आठवं चढवलं.

खाली कुणी हूं की चूं केलं नाही. गोष्टीचा धागा कुठंही तुटला नव्हता.

खेळ साडेपाचला सुटला. मशीन तशीच तापलेली सोडून गहिनीनाथ मागच्या दारानं पळाला. गुऱ्हाळामागं पुष्पा उभी होती. धापा टाकत, एका दमात तो बोलून गेला की मामाला घेऊन मी शनिवारीच तुमच्या घरी येतो, रविवारची वाट बघत नाही. वर्षभरात साठलेलं सगळं एका वाक्यात संपलं. पुष्पा लाजली नाही, हसलीही नाही. "या," एवढंच म्हणाली. पण तिच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं त्याला दिसलं.

आत्या टपावर पाटी चढवून घेत होती, तोवर तिला बसवून द्यायला तो गाडीपर्यंत गेला. तिच्या शेजारी खिडकीशी एक बाई बसली होती. पन्नाशीची, पांढऱ्या कपाळाची, मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी. ती डोळे पुसत होती.

"काय झालं, मावशी?" पुष्पानं विचारलं.

ती गोजरबाई. पुष्पाच्या शेजारच्या गावची. तिचा एकुलता मुलगा सहादेव शूटिंगच्या वेळी चार दिवस कामाला गेला होता. त्याच वर्षी भाताच्या कापणीत त्याला पान लागलं, म्हणजे साप चावला, दवाखान्यापर्यंत पोचलाही नाही. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. पिक्चरमध्ये म्हशी धुताना दाखवलाय, असं त्यानंच आईला सांगितलं होतं.

"डोळ्यात त्याल घालून बसले गं," गोजरबाई म्हणाली. "सुरवातीपासून शेवटापातूर. पापनी मिटली न्हाई. पर मला त्यो दिसलाच न्हाई. म्हंजी दिसला आसंल, मलाच वळखू आला न्हाई. पोटचं पोर, आन्‌ दीड वर्सात त्येचं त्वांड इसरले मी."

पुष्पानं खिडकीतून गहिनीनाथकडं पाहिलं. "मावशी, ह्ये थेटरातच असत्यात. ह्यास्नी इचारा की. ओ, तुमी तर समदा पिक्चर बघितला आसंल. म्हशी धुनारा कुठं हुता वो?"

गोजरबाईनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत आशा होती, आणि त्याला नेमकं तेच सोसेना.

मशीन अजून गरम होती. सातवं रीळ टेबलाखाली पडलं होतं. "मावशी, खाली उतरा, चला," एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. रात्री हैदरच्या घरी तिची सोय झाली असती. पण उतरा म्हणायचं तर का, ते सांगावं लागलं असतं. आताच जिनं "या" म्हटलं, तिच्यादेखत सांगावं लागलं असतं.

"हुता की," तो म्हणाला. "पर लांबून दाखवलाय, मावशी. पटकन जातो. चुकला आसंल तुमच्या डोळ्यातून."

"व्हय," गोजरबाई म्हणाली. "डोळंच मेलं."

कंडक्टरनं डबल बेल दिली.

शनिवारी मामा गेले, मेच्या आत लग्न झालं. लोक म्हणत, गहिनीनाथ नशिबाचा. तोही हो म्हणायचा. लग्नाआधी त्यानं शेठच्या नकळत पिक्चरवाल्यांच्या मुंबईच्या कचेरीला, डबे पुन्हा मिळतील का म्हणून, एक कार्ड टाकलं होतं. उत्तर आलं, की पिक्चर कुठंच चालला नाही, प्रिंट ज्याची त्याला परत दिली, पुढचं ठाऊक नाही. ते कार्ड त्यानं चुलीत घातलं. पुष्पाला काही बोलला नाही. ती कधी लाडात येऊन म्हणायची, "त्या दिशी गाडीच्या आधी कसे काय पोचलात वो?" आणि तो उठून बाहेर जायचा. तिला वाटायचं, माणूस लाजाळू आहे.

पुढच्या दिवाळीला पुष्पा माहेरी जाऊन आली. भाकरी थापता थापता म्हणाली, "ती गाडीतली गोजरबाई आठवती का? लई वाईट झालंय बाई तिचं. लग्नकार्यात बोलावलं तरी जात न्हाई. म्हनती, मी लेकाला वळखलं न्हाई, मी कसली आई, माझी सावली कुनाच्या लेकरावर नगं."

गहिनीनाथनं हातातला घास ताटात ठेवला. मग तो बोलला. रीळ, घड्याळ, टेबलाखालचा डबा, सगळं. पुष्पानं तव्यावरची भाकरी करपू दिली.

"म्हंजी त्या बाईचं लेकरू दडवून आपलं लगीन जमलं," ती म्हणाली. तिनं तवा खाली उतरवला. "सकाळच्या गाडीनं जा. मी यीन आसं समजू नका. येकटं जा."

गोजरबाई अंगणात वरई कांडत होती. त्यानं ओळख दिली, पण बसला नाही. उभ्या उभ्या सांगितलं. वाटेत जुळवलेली वाक्यं एकही कामी आली नाहीत.

"तुमचं डोळं चांगलं हायेत, मावशी. त्यो पिक्चरात हुता. मी दाखवलाच न्हाई."

मुसळ थांबलं.

"गाडीत का न्हाई बोललास?"

"भ्यालो."

"कुनाला? मला?" ती इतक्या हळू बोलली, की शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्याला झालं. "मी रोज माझ्या डोळ्याला शाप देती रं. रोज. आन्‌ तू तिकडं लगीन करून बसलास."

त्यानं माफी मागायला तोंड उघडलं, पण मागितली तर ती द्यायचं ओझं पुन्हा तिच्यावरच, म्हणून मिटलं.

"काय करत हुता त्यो?" तिनं विचारलं.

"म्हशी धूत हुता. तीन."

"दोन आमच्या. तिसरी कारभारी पाटलाची आसंल. अंगात?"

"बंडी. भिजल्याली."

"हसला का?"

गहिनीनाथ आठवू लागला. त्या सकाळी रीळ चालू होतं, तेव्हा तो कार्बनशी झटत होता. नदी आठवली, म्हशींच्या पाठी आठवल्या, चेहरा काही केल्या येईना. "व्हय" म्हणायला काय लागत होतं? तिला बरं वाटलं असतं.

"न्हाई सांगता येत, मावशी. मी बघत नव्हतो."

तिनं मान हलवली. पाणी विचारलं नाही, बस म्हणाली नाही. तो वळला. कुडाच्या दाराशी पोचला, तेव्हा मागून हाक आली.

"आरं, किती येळ हुता त्यो पडद्यावर?"

"पाच-सा मिन्टं तरी."

"पाच-सा मिन्टं?" ती म्हणाली. मुसळ उखळात तसंच सोडून तिनं पदर तोंडाला लावला. "लई येळ हुता की रं."