रंगाप्रमाणे लावलेल्या कांड्या

कल्पना करा, तुमच्या डाव्या हातात विणायच्या सुईएवढी पोलादी सळई आहे आणि उजव्या हातात पेन्सिलीएवढी काचेची कांडी. समोर बर्नरची निळी, फुसफुसणारी ज्योत. कांडीचं टोक ज्योतीत धरा. आधी ते नारिंगी होईल, मग मधासारखं लोंबायला लागेल. आता ते सळईवर टेकवा आणि सळई फिरवा. फिरवत राहा. नाक खाजलं तरी फिरवा, दाराची घंटा वाजली तरी फिरवा. थांबलात की मणी एका अंगाला ओघळलाच म्हणून समजा.

जिची ही गोष्ट आहे तिला हे न थांबण्याचं काम सोपं जातं, कारण थांबणं तिला मुळातच जमत नाही. माहेरी तिला भिंगरी म्हणायचे. सासरी आल्यावर दोन दिवसांत सगळ्यांना कारण कळलं आणि नाव तेच राहिलं. जेवताना पाय हलवणार, बोलताना हातातल्या कागदाचे बारीक तुकडे करणार, रांगेत उभी राहिली तर पुढच्याच्या शर्टावरची रेघ न् रेघ मोजणार. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "हिला एका जागी बसवायचं असेल तर समोर आग लावावी लागते."

प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात भिंगरीने नऊ वर्षं काढली. कारखाना बंद पडला तेव्हा यंत्रं कुणी कुणी उचलून नेली. हिच्या बोटांतलं कसब तेवढं हिच्याकडे राहिलं. तिने घराच्या मागच्या खोलीत एक बर्नर बसवला, पावाच्या पेटीएवढी एक भट्टी घेतली आणि मणी करायला लागली. ओवायचं काम सासूबाईंकडे. त्यांनी बावीस वर्षं बटणांच्या दुकानात काढली होती. कुठल्याही कोटाचं बटण हरवलेलं असो, उरलेली बघितल्याबरोबर तसलं कुठल्या खणात असेल ते त्या सांगायच्या. मण्यांच्या माळेत कुठल्या रंगाशेजारी कुठला बसतो, यात त्यांचा शब्द शेवटचा.

आता काचेची एक खोड सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. काच म्हणजे सगळी एकच काच नव्हे. तापल्यावर कुठली जास्त फुगते, कुठली कमी. अशा दोन काचा एकाच मण्यात घातल्या तर आगीत त्या गुण्यागोविंदाने नांदतात. निवताना मात्र जी ती आपल्या मापाने आकसते. वरून मणी लखलखीत दिसतो आणि आत रस्सीखेच चालू असते. मग एके दिवशी, डब्यात किंवा टेबलावर किंवा कुणाच्या तरी गळ्यात, टक्. तो दिवस उद्या येईल की वर्षाने, ते काच सांगत नाही.

म्हणून भिंगरीकडे दोन डबे होते. एकात नेहमीच्या दुकानातल्या कांड्या, दुसऱ्यात धंदा सोडणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून घेतलेल्या. दोन्ही काचांचे मणी उत्तम होत, फक्त एका मण्यात दोन्ही नाहीत. बाकी दोन्हीकडचा निळा सारखाच निळा, लाल सारखाच लाल. हे तिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती.

शहरातल्या मोठ्या कारागीर मेळ्यात तिला जागा मिळाली, दोन वर्षं अर्ज केल्यावर. मेळ्याला तीन आठवडे असताना ती दोन दिवस बहिणीकडे जाऊन आली. त्याच आठवड्यात सासूबाईंच्या डोळ्यावरची पट्टी निघाली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि इतकी वर्षं पिवळट पडलेलं जग त्यांच्यापुढे धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ झालं. भिंगरी परत आली तर मागच्या खोलीत दोन डब्यांच्या जागी बरण्यांची रांग. अकरा बरण्या. पांढरा, मग फिका पिवळा, मग गडद, असं करत करत थेट काळ्यापर्यंत.

"बघ," सासूबाई म्हणाल्या. दाराच्या चौकटीला धरून त्या उभ्या होत्या. "अगं, तुझ्याकडे निळेच पाच प्रकारचे आहेत! मला आपला एकच वाटायचा. कशी गं काम करत होतीस त्या गोंधळात?"

भिंगरीने एक बरणी उचलली. दोन्ही डब्यांतल्या निळ्या कांड्या तिच्यात एकत्र झाल्या होत्या. तिने सासूबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. ऑपरेशनच्या आधी वर्षभर या बाईने माळ ओवताना रंग विचारून घेतले होते, तेही हळूच, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात.

"छान दिसतंय," भिंगरी म्हणाली.

त्या दुपारी सासूबाई झोपल्यावर तिने सगळ्या कांड्या जमिनीवर ओतल्या आणि निवडायला बसली. म्हाताऱ्याच्या कांड्या किंचित जाड होत्या, बऱ्याचशा. दुकानातल्यांचं टोक साफ कापलेलं असायचं, पण वापरलेल्यांना टोकं कुठली? तिने बोटांनी, डोळ्यांनी, आठवणीने निवडल्या. बहुतेक बरोबर लागल्या असतील असं तिला वाटलं. बहुतेक या शब्दावर तिचा पाय जो हलायला लागला तो तीन आठवडे थांबला नाही. एकदा एक निळी कांडी ज्योतीत जरा हट्टीपणा करत होती, शेजारणीसारखी पटकन पाघळत नव्हती. गॅस संपत आला असेल, असं म्हणून तिने तो मणी पुरा केला. मोठा मणी झाला तो, आत दुधी पांढरा, वर पारदर्शक निळा. सगळ्यांत देखणा.

मेळ्याच्या सकाळी टेबल लावताना सासूबाईंना कोण उत्साह. डावीकडे चष्मेवाल्याचं टेबल होतं, उन्हाचे काळे चष्मे विकणाऱ्याचं. पहिल्या तासाभरात तीन गिऱ्हाइकं झाली. कानातली एका मुलीने घेतली, हिरवी माळ चष्मेवाल्याच्याच बायकोने. तिसरी आली ती घाईतली बाई, पायात नर्सचे पांढरे बूट, हातात फळांची पिशवी. तिने दोरीत ओवलेला तो मोठा निळा मणी उचलला, उन्हात धरला आणि नुसती हसली.

"डबी देऊ?" भिंगरीने विचारलं.

"नको, घालूनच जाते. आज जरा बरं दिसायचंय मला." दोरीची गाठ तिला मागे जमेना, सासूबाईंनी बांधून दिली. बाई गर्दीत दिसेनाशी झाली.

पाच मिनिटं झाली असतील. टेबलावर आवाज झाला, नख मोडल्यासारखा बारीक. जांभळ्या माळेतल्या मधल्या मण्याची दोन शकलं कापडावर पडली होती.

"ऊन लागलं असेल," सासूबाई म्हणाल्या.

भिंगरीला कारखान्यातली अंधारी पेटी आठवली. तिथे प्रत्येक नळी दोन खास काचांच्या मधे धरून तपासायचे. आत ताण असला तर तेवढ्याच जागी उजेड दिसायचा. ती पेटी गेली भंगारात. पण त्या खास काचांचं काम चांगला काळा चष्माही करतो, आणि मोबाइलच्या पडद्याचा उजेडही त्याच जातीचा असतो. तिने चष्मेवाल्याकडे पाहिलं.

"दादा, चकाकी घालवणारे, पोलराइज्ड चष्मे आहेत ना तुमच्याकडे? एक द्या जरा."

"एक काय, दहा घ्या ताई. सगळे अस्सल."

तिने मोबाइलचा पडदा पांढरा केला आणि चष्म्यातून बघत चष्मा हळूहळू फिरवला. अस्सल असेल तर एका ठिकाणी पडदा काळाकुट्ट दिसायला हवा. पहिला चष्मा पूर्ण फिरला, काही नाही. दुसरा, नाही. तिसरा, नाही.

"हा नाही. हाही नाही. हा तर साधी रंगवलेली—"

"ताई, हळू," चष्मेवाला इकडेतिकडे बघत म्हणाला. "गिऱ्हाईक उभंय." आणि स्वतःच्या डोळ्यांवरचा काढून त्याने पुढे केला. "हा बघा. हा मी माझ्यासाठी घेतलेला."

पडदा काळा झाला.

मण्याच्या गोलाईने उजेड वाकतो, म्हणून तो पाण्यात बुडवून बघायचा. प्लास्टिकचा पेला घेतला तर पेलाच इंद्रधनुष्यासारखा पेटला, कारण त्याच्याच अंगात ताण भरलेला. मग चहावाल्याकडून काचेची बशी आणली, पाणी भरून मोबाइलच्या पडद्यावर ठेवली आणि वरून चष्म्यातून बघितलं. हिरवा मणी सोडला: अंधार, ठीक. दुसरा: अंधार. पिवळा सोडला आणि त्याच्या पोटात पांढरा उजेड लखकन उमटला, ढगातून बॅटरी मारावी तसा.

"आई, हा बाजूला ठेवा. विकायचा नाही."

"का? चांगला तर आहे."

"टिचणार आहे तो."

"आतापर्यंत कधी टिचला नाही तुझा मणी." सासूबाईंनी तो डोळ्याजवळ नेला. "आताच कसे टिचायला लागले?"

भिंगरी कापडाची कड बोटांत पिळत राहिली. सासूबाईंनी बटणांच्या दुकानात बावीस वर्षं गिऱ्हाइकांची तोंडं वाचली होती.

"माझ्या बरण्या," त्या म्हणाल्या.

मग तिने सांगितलं. दोन डबे, दोन काचा, जमिनीवर बसून केलेली निवड, सगळं. सासूबाईंनी हातातला पिवळा मणी खाली ठेवला.

"तीन आठवडे," त्या शेवटी म्हणाल्या. "तीन आठवडे मी दिवसातून चारदा त्या बरण्यांचं कौतुक केलं आणि तू माना डोलावल्यास?"

"तुम्हाला नुकतं दिसायला लागलं होतं, आई."

"डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, बाई, काळजाचं नाही! तेव्हाच दोन शिव्या घातल्या असत्यास तर मी अर्धा तास रडले असते, आणि मग दोघींनी मिळून कांडी न् कांडी तपासली असती. आता बघ." त्यांनी हात पुढे केला. "आण तो चष्मा इकडे. सरक. तुझे हात हलतात, पाणी डुचमळतंय."

आणि नव्या डोळ्यावर परक्याचा काळा चष्मा चढवून ती बाई बसली. एकेक मणी बशीत, एक नजर, डावीकडे किंवा उजवीकडे. बटणं निवडावीत तसा हात चालत होता. गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. एकाने विचारलं, आजी भविष्य सांगतात का. "सांगते ना," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "मण्यांचं."

तेवढ्या वेळात भिंगरी धावत होती. चष्मेवाल्याच्या बायकोची हिरवी माळ तपासली, ती ठीक निघाली. कानातलंवाली मुलगी खाण्याच्या टेबलांपाशी सापडली. तिच्या एका कानातल्यात उजेड दिसला, तिला दुसरा जोड दिला. राहिली पांढऱ्या बुटांची बाई. भिंगरी फाटकापर्यंत गेली, बसथांब्यावर गेली, थांबलेल्या दोन बसच्या खिडक्या पुढून मागून पाहून आली. आत चढून एका बाईच्या खांद्याला हात लावला, तर ती भलतीच. जवळ दवाखाना कुठे, विचारत गेली. तिथल्या खिडकीतल्या माणसाने विचारलं, "नाव काय त्यांचं?" आणि हिच्याकडे सांगायला निळा मणी सोडून काहीच नव्हतं.

परत आली तेव्हा टेबल निम्मं रिकामं होतं. पारदर्शक मण्यांतले अकरा पेटलेले निघाले. जे पारदर्शक नव्हते त्यांच्यातून उजेडच जात नव्हता, त्यामुळे ते कळायला मार्ग नव्हता. ते सगळेच सासूबाईंनी पिशवीत भरून टाकले होते.

"त्या मोठ्या निळ्याच्या आत पांढरा होता," भिंगरी खाली बसत म्हणाली. "इथे असता तरी धड दिसलं नसतं."

"मग ठीकही असेल."

"हट्टी होती ती कांडी. माझ्या हाताला कळलं होतं, आई."

सासूबाईंनी चष्मा पुसून चष्मेवाल्याला परत केला. "गाठ मी बांधली होती," त्या म्हणाल्या. "घट्ट बांधली."

त्याला आता सात महिने झाले. कांड्या पुन्हा दोन डब्यांत गेल्या, आणि घेतल्या घेतल्या प्रत्येकीला चिकटपट्टीचा तुकडा लावायचा हा सासूबाईंचा नियम आहे. त्यातही एका डब्यातल्यांना पिवळी पट्टी, दुसऱ्यातल्यांना लाल. भिंगरी दर मेळ्यात टेबलावर एक पाटी ठेवते: मोठा निळा मणी ज्यांनी घेतला, त्यांनी कृपया भेटावं, बदलून मिळेल. आतापर्यंत चौघीजणी आल्या, चौघींचेही मणी दुसऱ्याच कुणाकडचे. एक तर प्लास्टिकचा होता, तोही तिने बशीत घालून पाहिला.

"अगं, टिचला असता तर भांडायला आली असती," सासूबाई म्हणतात.

"आणि मान कापली असेल तर?"

"मग तर नक्की आली असती."

यावर भिंगरी हसते, पण गर्दीतून तिची नजर माणसांच्या तोंडांवरून घसरून गळ्यांवर जाते. परवा बाजारात पांढरे बूट दिसले म्हणून ती भाजीची पिशवी तिथेच टाकून दोन गल्ल्या मागे गेली. बूट एका शाळेच्या शिपायाचे निघाले. परत आली, मागच्या खोलीत गेली, बर्नर पेटवला. सळई फिरायला लागली की बाकीचे विचार गप्प होतात, हा एक तेवढा होत नाही. समोर मणी गोल होत असतो आणि ती मनातल्या मनात त्या घाईतल्या बाईला थांबवून विचारत असते: बाई, गळ्यातला मणी कसा आहे तुमच्या?