पाण्यातला गॅस आणि आटपाडीच्या आक्का

हार्डवेअरच्या दुकानात दोन गोष्टी न मागवता साठतात. भंगार आणि किस्से! भंगार वजनावर जातं. किस्से मात्र कोणी उचलत नाही, म्हणून ते असे चहाबरोबर वाटून टाकावे लागतात.

साताऱ्यात माझं स्टीलचे पत्रे, नळ्या आणि बॅटऱ्यांचं दुकान आहे. शिक्षण आठवी, पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. त्यातलाच एक आटपाडीचा दिलीप. गलाई कारागीर, म्हणजे सोनं-चांदी वितळवणारा. पंधरा वर्षं तमिळनाडूत काढून गावी परतला आणि चांदीच्या डागडुजीसाठी एक गाळा बघितला. पण घरमालकीण आक्कांची अट एकच. "माझ्या घरात सिलेंडर न्हाई म्हंजे न्हाई!" शेजारच्या आळीत एकदा सिलेंडरनं घर जळताना त्यांनी बघितलं होतं.

आणि चांदीला डाग द्यायचा, म्हणजे तुटलेला सांधा जोडायचा, तर ज्योत हवीच.

दिलीपनं मोबाईलवर बघितलं होतं, की पाण्यात वीज सोडली की गॅस तयार होतो, तोही लागेल तेवढाच. साठवायला नको. तो म्हणाला, "भाई, दिवाळीपातूर जमलं तर ठीक. न्हाईतर परत मद्रासची गाडी. पोरगी आत्ता कुठं मला पाव्हणा समजायची थांबलीय."

मी पत्रे काढले.

*

मशीन बांधायला मी सुभेदारसाहेबांना बोलावलं. माझ्या दुकानामागंच राहतात. फौजेच्या वर्कशॉपमध्ये जन्म गेला; रिकामे बसले की सुनेचा मिक्सर उघडतात!

त्यांनी आपल्या घरीच तीन दिवसांत काम केलं. मापात कापलेले पत्रे, एका रेषेत बोल्ट. बघत राहावं असं! बॅटरी जोडली. एक बुडबुडा नाही. वायर तपासली, बॅटरी बदलली. काही नाही.

शेवटी दिलीपनं एक पत्रा बाहेर काढून नखानं खरवडला. "सुभेदारसाहेब, ह्याला काय लावलंय?"

"ऑइलपेंट. दोन हात."

"पत्र्याला?"

"मग? पाण्यात ऱ्हाणार न्हवं तो? गंजल की!"

तीस वर्षांची सवय हो! रंग दिल्याशिवाय सामान स्टोअरबाहेर काढलंच नव्हतं कधी. रंगाखालून वीज जाणार कुठून? तो खरवडायला आम्हा तिघांना दोन दिवस लागले.

*

नुसत्या पाण्यातून वीज नीट जात नाही, त्यात काहीतरी मिसळावं लागतं. सुभेदारांनी कुणाला न विचारता घरातलं मीठ टाकलं. बुडबुडे आले ते असे जोरात, की त्यांनी मला फोन करून बोलावलं.

मी पोचलो तर पाणी चहासारखं लाल, आणि त्यांच्या सौभाग्यवती पदर नाकाला लावून दारात उभ्या. "आवं भाई, ग्रामपंचायतीची टाकी धुतल्यागत वास मारतुय घरात! ह्यो गॅस हाय का टीसीएल पावडर?"

बाईंचं नाक बरोबर होतं! मिठाच्या पाण्यातून क्लोरीन निघतो, आणि तो विषारी. मी आधी बटण बंद केलं, मग खिडक्या उघडल्या. त्या दिवसापासून मशीन अंगणात, पाण्यात मिठाऐवजी कॉस्टिक सोडा, आणि मिठाचा डबा बाईंच्या ताब्यात!

*

एवढ्यात ही बातमी शिरवळपर्यंत पोचली. तिथला एक पाहुणा बुलेट घेऊन दारात हजर. "चाचा, पाण्यावर चालंल अशी करून द्या!"

म्हटलं, "गड्या, इंजिनानं वीज करायची, विजेनं गॅस करायचा आणि गॅसवर तेच इंजिन चालवायचं? म्हशीला तिचंच दूध पाजून परत धार काढायला बसतोस का?"

"पण व्हिडिओत तर चालती!"

"व्हिडिओत नवरा रोज भांडीसुद्धा घासतो!"

पाहुणा गेला. जाताना बॅटरी मात्र माझ्याकडूनच घेऊन गेला.

*

ज्योत उलटी आत शिरू नये म्हणून मशीन आणि ज्योतीच्या नळीमधे पाण्याची बाटली लावतात. गॅस पाण्यातून जातो, आग तिथंच अडते. एकदा सुभेदार म्हणाले, "मिनिटभराच्या ट्रायलला बाटली कशाला?"

धडाम्! झाकण उडालं ते थेट शेजारच्या कौलांवर. नशीब, आम्ही तिघे भिंतीआड होतो.

बाहेर येऊन बघतो तर अख्खी गल्ली जमिनीवर आडवी! आमच्या गल्लीत घरटी एक माजी सैनिक. एक वयस्कर हवालदार पायरीआडून ओरडले, "गोळा कुठल्या बाजूनं आला रं?"

सुभेदार खाली मान घालून म्हणाले, "आपल्याच."

तेव्हापासून त्यांनी एकाऐवजी दोन बाटल्या लावल्या.

*

दिवाळीला आठ दिवस राहिले असताना आम्ही मशीन घेऊन आटपाडीला गेलो. गाळ्याची खिडकी, दार सताड उघडं. आक्का खुर्ची टाकून समोर बसल्या. दिलीपची बायको पोरीला धरून दाराशी.

बॅटरी सारखी उतरायची, म्हणून मशीन आता चार्जर लावून थेट घरच्या लाईटवर जोडलं होतं. दिलीपनं बटण दाबून नळीच्या तोंडाशी काडी धरली. सुईएवढी बारीक ज्योत. त्यानं तुटलेलं पैंजण पुढं धरलं. चांदी लाल व्हायला लागली, डाग वितळून सांध्यात उतरणार...

आणि लाईट गेली!

बाटलीत 'टुप्' असा आवाज झाला आणि ज्योत विझली. पैंजण तसंच अर्धवट. दिलीपचा चेहरा बघवेना. सुभेदार मला हळूच म्हणाले, "भाई, मोहीम फसली."

आक्का मात्र खुर्ची ओढून पुढं सरकल्या. "इझली?"

"व्हय आक्का. लाईट गेली न्हवं."

"परत पेटीव."

"लाईट आल्याबिगर न्हाई पेटायची."

"काडी लावली तर?"

दिलीपनं काडी ओढून नळीच्या तोंडाशी धरली. काडी जळून संपली. बाकी काही नाही.

"आत गॅस भरून ठिवल्याला न्हाई?"

"न्हाई आक्का. लाईट गेली की संपलं."

आक्का उठल्या, पदर झटकला आणि दारापर्यंत जाऊन वळल्या.

"दुकानाचा बोर्ड आडवा लाव रं. उभा लावलास तर माझ्या तुळशीवर सावली पडंल."