सगळे खारवडकर

अक्का गेल्याचा फोन मला ऑफिसात आला. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या कंपनीत बाहेरचे फोन रिसेप्शनवर येतात आणि तिथली मुलगी काचेच्या दारातून हात करून बोलावते. हेब्बाळहून अक्काच्या शेजारच्या गौरम्मा बोलत होत्या. ‘अक्का होग्बिट्रु,’ अक्का गेल्या, एवढंच कन्नडमध्ये सांगून त्यांनी फोन ठेवला. शहराच्या दक्षिण टोकाहून उत्तर टोकाला पोचेपर्यंत दुपार झाली. अक्का म्हणजे माझी सख्खी आत्या, सुमती खारवडकर. बेंगळुरात जन्मली, इथंच शिकली, विमानांच्या सरकारी कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसची प्रमुख म्हणून निवृत्त झाली आणि लग्नाच्या भानगडीत न पडता स्वतः बांधलेल्या घरात स्वतःच्या मर्जीनं राहिली. सकाळची कॉफी घेऊन ‘स्वल्प पडते’ म्हणाली, ती उठली नाही. जाताना कुणाशी वाद घातला नाही, हे तिच्या बाबतीत विशेषच म्हणायचं.

पण वाद तिची पाठ सोडायला तयार नव्हता. तेरावा व्हायच्या आत पुण्याहून नानासाहेबांचा फोन आला. नानासाहेब आमच्याच आडनावाचे, दूरच्या नात्यानं काका, आणि खारवडकर कुलवृत्तांताचे संपादक. घराण्याच्या साऱ्या शाखा, कोण कुणाचा मुलगा, कुठं नोकरीला, कुणाची मुलगी कुठं दिली, हे सगळं छापणाऱ्या त्या जाडजूड पुस्तकाचे. बराच वेळ हळहळले, आणि ते काही खोटं नव्हतं. मग मुद्द्यावर आले. कुलवृत्तांताची पुरवणी छापायला निघाली आहे, सुमतीताईंच्या चार ओळी दे. मूळ पुस्तकात त्यांनी स्वतःचं नाव येऊ दिलं नाही, ते आम्हा सगळ्यांनाच लागलं. ‘आता त्यांची हरकत असण्याचा प्रश्न नाही,’ ते म्हणाले, ‘तू फक्त हो म्हण.’ मी विचार करून सांगते म्हटलं. खरं तर मला फोन आपटायचा होता. माणूस गेलं की त्याचं म्हणणंही त्याच्याबरोबर जळून गेलं, असं ही मंडळी धरून चालतात. म्हणून हे लिहायला बसले आहे. अक्काचं म्हणणं एकदा कुठंतरी छापून यायला हवं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्याच्या मंडळींनी कुलवृत्तांताचं मनावर घेतलं आणि ब्रिटनमधल्या शाखांचं काम अक्काकडे आलं. कारण साधं होतं. माझा थोरला भाऊ बर्मिंगहॅमजवळ डॉक्टर आहे आणि त्या उन्हाळ्यात ती त्याच्याकडे जाणार होती. तिथल्या वाचनालयात ब्रिटनभरच्या टेलिफोन डिरेक्टऱ्या ओळीनं लावलेल्या असत. दादा दवाखान्यात गेला की ही बाई डबा घेऊन वाचनालयात जाऊन बसायची आणि एकेका शहराचं ‘के’ अक्षर उघडायची. खारवडकर म्हणजे काही जोशी-कुलकर्णी नव्हेत, पानावर असले तर डोळ्यांतून सुटत नाहीत. लंडनच्या आसपास, लेस्टर, मँचेस्टर... जिथं मोठी इस्पितळं, तिथं साठच्या दशकात गेलेले आमचे डॉक्टर. ते सगळे ओळखीचे निघाले. मग तिनं कार्डिफ उघडलं, तिथंही खारवडकर. लिव्हरपूलला आणखी. वर ईशान्येच्या एका बंदरात आणखी. ही नावं पुण्याच्या कुठल्याच शाखेत बसत नव्हती. दादाला विचारलं तर तो म्हणाला, मलाही एकदा दिसलं होतं, छपाईची चूक असेल म्हणून सोडून दिलं. त्यावर अक्का त्याला काय म्हणाली, ते त्यानं मला कधी सांगितलेलं नाही.

तिनं कार्डिफला फोन लावला. पलीकडून एक बाई अगदी अगत्यानं या म्हणाली. अक्काला वाटलं, आपल्यातलीच कुणी जुनी हरवलेली शाखा असेल, म्हणून आगगाडीनं निघाली, बरोबर कुंकवाचा करंडा आणि बेसनाचे लाडू घेऊन. दार उघडलं ते लाल केसांच्या, नाकभर तांबूस ठिपके असलेल्या एका दणकट बाईनं. अक्का म्हणे पत्ता चुकल्याची माफी मागून परत फिरणार होती. पण त्या बाईनं, मेरी खारवडकरनं, तिला हाताला धरून आत नेलं आणि भिंतीवरचा फोटो दाखवला. टोपी घातलेला काळा, काटक माणूस. तिचे आजोबा, भिकू खारवडकर. बोटीवर आगवाला होते, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारे. एका फेरीत कार्डिफला उतरले, आयरिश मुलीशी लग्न केलं आणि तिथलेच झाले. मुलं-नातवंडं चर्चला जाणारी, पण आडनाव कुणी टाकलं नाही. मेरीनं तर लग्नानंतरही तेच ठेवलं. आजोबा गावाबद्दल काही सांगायचे का, असं अक्कानं विचारलं. सांगायचे तर, मेरी म्हणाली. खाडी आहे, काठाला माडांची रांग आहे, आणि देवळात मूर्ती नाही, माणसाहून उंच मातीचं वारूळ आहे, त्यालाच देवी म्हणतात.

ती आमची सातेरी. आमच्या घरात दर वर्षी तिच्या नावानं नारळ फुटतो. पण कित्येक पिढ्यांत आमच्यातल्या कुणी ते देऊळ पाहिलेलं नव्हतं. पूर्वज केव्हातरी म्हैसूर संस्थानात नोकरीला आले आणि मग इथलेच झाले. आत मूर्ती आहे की आणखी काही, हे माझ्या आजोबांनाही सांगता आलं नसतं. ‘आपल्याकडे गावाचं नुसतं नाव आहे गं,’ अक्का परत आल्यावर मला म्हणाली, ‘गाव त्या मेरीकडे आहे.’

अक्काला मी देवी करून ठेवणार नाही, तिला ते आवडलं नसतं. त्या दिवशी मेरीनं जेवायला वाढलं होतं, बटाटे, वाटाणे, ब्रेड. अक्कानं फक्त चहा घेतला. मांसमच्छीचं घर, वेगळी भांडी नाहीत, सवयीनं हात मागे आला. स्टेशनवर सोडायला आली तेव्हा तिनं पिशवीत सफरचंदं घालून दिली, सालीसकट खायची वस्तू, कुणाच्याही चालीरीतीत बसणारी. ही गोष्ट अक्का स्वतःच सांगायची आणि प्रत्येक वेळी स्वतःवर चिडायची. पुढच्या खेपेला ती मेरीकडे चार दिवस राहिली आणि पानात पडेल ते जेवली. पोट बिघडलं, तेही सगळ्यांना सांगितलं.

पहिल्या खेपेहून परतल्यावर ती थेट कोकणात खारवडला जाऊन आली. वारूळ आहे. खाडी आहे. आणि गावात शोधून शोधून एक खारवडकर सापडला नाही! गावात राहणाऱ्याला कुणी खारवडकर का म्हणेल? तिथं कुणी गावडे, कुणी सावंत, कुणी परब. हे नाव मिळतं ते गाव सोडल्यावर. आमच्या पूर्वजाचं मूळ आडनाव काहीतरी भलतंच होतं, म्हैसूरला आल्यावर लोक त्याला खारवडकर म्हणू लागले. भिकू बोटीवर चढला तेव्हा त्यालाही तेच नाव लागलं. तो जातीनं गाबीत, म्हणजे दर्यावर्दी मच्छीमार, आमचा पूर्वज ब्राह्मण. पण नाव दोघांना एकाच गोष्टीनं दिलं, गाव सुटल्यानं. अक्काला हे कळलं आणि ती पेटली. जेवणघराच्या भिंतीवर तिनं स्वतःच्या हातानं ब्रिटनचा मोठा नकाशा काढून लावला, कारखान्यातल्या ड्रॉइंगसारखा, काटेकोर. ज्या ज्या ठिकाणी खारवडकर, तिथं लाल ठिपका. इस्पितळांच्या गावचे ठिपके आणि बंदरांचे ठिपके. आगगाडीनं काही तासांचं अंतर, पण इतक्या वर्षांत एकानंही ते ओलांडलं नव्हतं. आमचे डॉक्टर तिथं गोऱ्यांनी वेगळं काढलं म्हणून हळहळायचे आणि शेजारच्या परगण्यातल्या सख्ख्या आडनावाला छपाईची चूक समजायचे.

तिनं पाठवलेलं ब्रिटनचं प्रकरण वाचून नानासाहेब स्वतः बेंगळुरूला आले. मी त्या दिवशी अक्काकडे होते. नानासाहेब सभ्य माणूस, आवाज कधी चढत नाही. आधी नकाशाचं मनापासून कौतुक केलं. मग म्हणाले, बंदरांवरचे ठिपके तेवढे निळे केले तर वाचणाऱ्याचा घोटाळा होणार नाही. घरात एकच शाई आहे, अक्का म्हणाली. मग ते समजावू लागले. गोत्र नाही, शाखा नाही, आता तर धर्मही नाही, कुळाशी यांचा संबंध काय? उद्या खारवडहून गेलेला कुणीही उठेल आणि आपल्या पुस्तकात येऊन बसेल. शेवटी एक तोड काढली. मागे परिशिष्ट देऊ, ‘समान आडनावाचे इतर’. त्यांना ते मोठं मन वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी मलाही ते पुरेसं वाटलं.

अक्का उठून स्वयंपाकघरात गेली, कॉफीचे पेले घेऊन आली, त्यांच्यासमोर ठेवले आणि म्हणाली, ‘नानासाहेब, तुमच्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर गोत्राचं नाव छापा, मी एक शब्द बोलणार नाही. आडनाव छापणार असाल, तर ते जितकं तुमचं तितकंच भिकूचं आहे. तुमच्या पूर्वजांनी गाव सोडलं, त्यानंही सोडलं. बोटीच्या भट्टीपाशी उभं राहून त्यानं ते नाव जपलं. तुम्ही तर पुण्यात सावलीत बसून जपलंत.’

नानासाहेब म्हणाले, भावना समजते, पण समिती ऐकणार नाही.

‘सरी, बरं तर,’ अक्का म्हणाली. ‘मग माझंही नाव काढा.’

त्यांना ते रागाच्या भरातलं बोलणं वाटलं. ते तसं नव्हतं. तिनं डॉक्टरांच्या शाखांची माहितीसुद्धा परत घेतली. पुस्तक वाजतगाजत निघालं, त्यात ब्रिटनपुढे ‘माहिती उपलब्ध नाही’ असं छापलेलं आहे आणि माझ्या आजोबांना एकच अपत्य, माझे वडील. तिकडचे डॉक्टर चिडले. दादा वर्षभर तिच्याशी धड बोलला नाही. लग्नामुंजीत बायका तिला विचारायच्या, अहो, तुमचं नाव कसं राहिलं? राहिलं नाही, काढायला लावलं, असं ती मोठ्यानं सांगायची, मांडवभर ऐकू जाईल असं. मला कधी कधी लाज वाटायची. तिला कधीच वाटली नाही.

तिचं म्हणणं चुकीचं होतं, असं मला दाखवून देणारं अजून कुणी भेटलेलं नाही. भेटतात ते एवढंच सांगणारे, की अक्कानं जरा नमतं घ्यायला हवं होतं, चार माणसांत राहायचं असतं. कुठली चार माणसं, हाच तर तिचा प्रश्न होता. तिनं वारुळाची चिमूटभर माती मेरीला पोस्टानं पाठवली, ती मेरीनं भिकूच्या थडग्यावर घातली. लिव्हरपूलचा एक शाळामास्तर खारवडकर तिला नाताळाला कार्ड पाठवायचा. हे सगळं पुस्तकाबाहेर चालू होतं आणि छान चालू होतं. दादासुद्धा शेवटी एका रविवारी मुलांना घेऊन कार्डिफला जाऊन आला. परतल्यावर त्यानं अक्काला फोन केला, एवढं मला ठाऊक आहे.

गेल्या आठवड्यात मी हेब्बाळला तिचं घर आवरायला गेले होते. खिडकीशी वेताची खुर्ची आहे, शेजारी फोन. रविवारी संध्याकाळी अक्का त्या खुर्चीत बसून मेरीशी बोलायची, सातासमुद्रापार ऐकू जावं म्हणून ओरडून. रविवारच होता. फोन वाजला. अक्का गेल्याचं मी मेरीला आधीच कळवलं होतं, पण हाताला सवय असते, असं ती म्हणाली. मग जरा चाचरत तिनं विचारलं... नोव्हेंबरात त्यांच्या चर्चमध्ये एकेका घरातल्या गेलेल्या माणसांची नावं मोठ्यानं वाचतात. खारवडकरांची नावं दर वर्षी ती देते. आजोबा भिकू, आजी ब्रिजेट, वडील टॉमस. या वर्षी तिनं त्यांच्याखाली सुमती लिहिलं. पाद्र्याकडून उच्चार दोनदा म्हणून घेतला. परवा ते वाचून झालं, सगळे उभे राहिले होते. आधी विचारायला हवं होतं, तुमची काही हरकत नाही ना?

मी त्या खुर्चीत बसून रडले. अक्का गेल्यापासून पहिल्यांदा. मेरी पलीकडे थांबून राहिली.

मग तिथूनच पुण्याला फोन लावला. नानासाहेबांना सांगितलं, चार ओळी मिळणार नाहीत, आणि ‘कन्या शुभा, देसाई यांस दिली’ ही माझी ओळही पुढच्या वेळी काढा. ते दुखावले. म्हणाले, अगं, रागावू नकोस, माणसाचं नाव शेवटी आपल्या घराण्यात कुठंतरी नोंदलेलं राहावं, एवढंच माझं म्हणणं आहे. मी म्हटलं, राहिलं आहे. घराण्यानं परवाच तिचं नाव घेतलं, सगळ्यांनी उभं राहून ऐकलं.

‘कुठल्या घराण्यानं?’

‘खारवडकरांनी.’

मग त्यांनी विचारलं, ‘कुठले खारवडकर?’

‘खारवडचे,’ मी म्हटलं.