डासताईंचं रक्त

आमच्या गुप्तरोगांच्या दवाखान्यात रक्त काढणाऱ्या बाईंना सगळे डासताई म्हणतात. नाव मीच ठेवलं, केसपेपर लिहिता लिहिता. सुई कधी टोचली हे पेशंटला कळतच नाही. त्या चिडत नाहीत. म्हणतात, "डास खाज तरी ठेवून जातो, मी तीही ठेवत नाही."

हर्पीसच्या अँटीबॉडी तपासणीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की माणसाच्या पायाखालची जमीन सरकते, आणि पहिला प्रश्न ठरलेला: "कोणाकडून आला?" मग डासताई स्टूल जवळ ओढून सांगतात, "रक्तात खूण असते. तारीख नसते, नाव नसतं. कित्येकांना तर कधी काही त्रासही होत नाही, जोडीदाराला लागण होतेच असंही नाही." पडद्यापलीकडून ऐकून ऐकून मला ते पाठ झालंय.

गेल्या महिन्यात या तपासणीचं नवीन किट आलं. ते बरोबर चालतं का हे बघायला एक खात्रीचं निगेटिव्ह रक्त हवं होतं. डासताईंनी बेधडक स्वतःचं दिलं. "बावीस वर्षांचा संसार, माझ्याइतकं निगेटिव्ह कोण?"

ते पॉझिटिव्ह निघालं. किटला शिव्या घालत त्यांनी तेच रक्त पुन्हा तपासलं, मग दुसऱ्या लॅबमधून वेगळ्या पद्धतीने खात्री करून घेतली. उत्तर तेच.

चार दिवस त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. मला त्यांचा रागच आला. "अहो, तुम्हीच तर सांगता ना, तारीख नसते म्हणून?"

"ते पेशंटला सांगायचं असतं गं," म्हणाल्या आणि ढसाढसा रडल्या. "बावीस वर्षं मी खोट्या माणसाबरोबर राहिले का, तेवढं सांग मला."

शेवटी त्यांनी घरी सगळं बोलून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे यजमान रांगेत हजर. चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा शांत माणूस. माझ्याकडून केसपेपर घेतला, नंबर आल्यावर बायकोसमोर बसून बाही वर केली. त्या दिवशी डासताईंची सुई पहिल्यांदा चुकली.

"आई गं! डास कसला, गांधीलमाशी आहेस तू."

त्या हसल्या नाहीत.

ते दुपारपर्यंत बाकावर थांबले. रिपोर्ट निगेटिव्ह आला. डासताई कागद धरून उभ्याच राहिल्या. ज्याच्यावर चार दिवस संशय घेतला, त्याच्या रक्तात काहीच नव्हतं. जे होतं ते त्यांच्याच रक्तात, लग्नाच्याही आधीचं.

"अहो, लग्नाआधी मी... एकदाच..."

यजमानांनी स्टूल जवळ ओढलं. "बस आधी. तारीख नसते, नाव नसतं, हे घरी येऊन रोज कोण सांगतं मला? आता मी विचारायला लागू?" मग हळूच म्हणाले, "तुला कुठे दुखतं का गं?"

डासताईंनी नाही म्हणून मान हलवली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. बाहेर तेवीस नंबरवाला कुरकुरत होता. माझे डोळे भरून आले होते, तरी त्याला मी चांगलंच दरडावलं, "बसा गप. आत पेशंट आहे."