काशीबाईंचा एक पाय

काशीबाई ढेबे यांच्यावर अन्याय झाला तो २००२ सालच्या डिसेंबरातल्या पहिल्या गुरुवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, पुण्यातल्या एका मोठ्या कलासंग्रहालयाच्या तिकीट खिडकीसमोर. घड्याळ खिडकीच्या वरच होतं, म्हणून वेळ पक्की सांगते. पत्रकं लिहून लिहून मला ही सवय लागली आहे. कोणावर, कधी, कुठे, ते आधी लिहायचं, बाकीचं मागून. पण काशीबाई पत्रकात मावत नाहीत. पाठपोट छापलं तरी मावल्या नसत्या. म्हणून हे लांबलं आहे.

महाडला बाजारपेठेच्या मागे भाताची एक बंद पडलेली गिरणी होती. चित्रकलेचे शिक्षक पोतनीस सर निवृत्त झाले आणि त्यांनी तिथे चित्रशाळा काढली. तीन खोल्या, एक जिना. भिंतींवर सरांनी चाळीस वर्षांत या मुलखात हिंडून काढलेली चित्रं, त्यांच्या जुन्या सोबत्यांनी पाठवलेली चित्रं आणि शिमग्याच्या सोंगांचे काही लाकडी मुखवटे. दाराशी काशीबाई.

काशीबाई पोलादपूरच्या वरच्या एका धनगरवाड्यावरच्या. नवरा गेला, म्हशी विकल्या गेल्या, तेव्हा त्या भाचीकडे महाडला उतरल्या आणि सरांनी त्यांना दाराशी बसवलं. लिहिता-वाचता येत नव्हतं. पण एकही माणूस त्यांनी नुसता आत सोडला नाही. आधी हातपंपावर पाय धुवायला लावायच्या, मग विचारायच्या, "गाव कुठलं?"

मी पहिल्यांदा गेले तेव्हा शाळेत होते. माझ्या पुढे तुडीलचे एक गृहस्थ होते. काशीबाईंनी हात करून सांगितलं, "दुसऱ्या खोलीत जावा. खिडकीपाशी तुमची नदी हाय." त्यांच्या मागचे शिवथरचे. "तुमचा धबधबा जिन्याखाली लावलाय. जागा नव्हती, राग मानू नका." माझी पाळी आली. मी म्हटलं, इथलीच, तळ्याजवळच्या वाडीतली. "मग तुझं तळं समोरच हाय. बघ नि सांग, पाणी बरोबर काढलंय का. गुरुजींना पाणी जमत नाय." आतून सरांचा आवाज आला, "काशीबाई, मी ऐकतोय." त्या म्हणाल्या, "ऐकायलाच बोलते."

असं प्रत्येकाला त्याचं त्याचं गाव त्या काढून द्यायच्या. कुठल्या भिंतीवर कोणाचं काय टांगलंय हे त्यांना तोंडपाठ होतं. फक्त मुंबई-पुण्याहून आलेल्यांना म्हणायच्या, "तुमचं इथं काय नाय. सगळंच बघा."

त्यांच्या स्वतःच्या धनगरवाड्याचं मात्र एकही चित्र तिथे नव्हतं. तरुणपणी सर त्या डोंगरात तीन दिवस राहिले होते आणि एक मोठं चित्र काढून आले होते. त्याला बक्षीस मिळालं आणि पुण्याच्या संग्रहालयाने ते घेतलं. एकदा बोलता बोलता सरांनी विचारलं, "तुमच्याकडे कोणी ठकू आखाडे म्हणून होती का हो?" काशीबाई म्हणाल्या, "माझी आय." सर हातातला कुंचला ठेवून त्यांच्यासमोर येऊन बसले. मग त्यांनी सांगितलं की ते चित्र ठकूचंच आहे. दारात उभी आहे, हातात विळा आहे, पाठीला पदरात बांधलेलं मूल आहे, आणि त्या मुलाचा फक्त एक पाय पदराबाहेर आला आहे.

काशीबाई दोन वर्षांच्या असताना त्यांची आई कड्यावर चारा कापताना पडून गेली. फोटो नव्हता. मावशीने वाढवलं. आईचा चेहरा काशीबाईंना अजिबात आठवत नव्हता. आणि तो पुण्यात, वरच्या मजल्यावर, भिंतीला टांगलेला होता.

"म्हंजे मी पण हाय त्यात," त्या म्हणाल्या. "एक पाय."

आता चित्रशाळेच्या सभासदांना मिळणाऱ्या कार्डाचं सांगते; तोवर मीही सभासद झाले होते. त्या गुरुवारच्या काही वर्षं आधी पुण्याच्या त्याच संग्रहालयाची मंडळी रायगड बघून पाचाडवरून परत जाताना चित्रशाळेत आली होती. चहा झाला, कौतुक झालं, आणि पुढे एक करार झाला. त्यांच्या सभासदांना आमच्याकडे मोफत प्रवेश, आमच्या सभासदांना त्यांच्याकडे. आमच्या पिवळ्या कार्डाच्या मागे तसं छापलं. सरांनी सभासदांच्या बैठकीत ते वाचून दाखवलं, 'परस्पर प्रवेश सवलत'. कोणाला धड कळेना. दाराशी बसलेल्या काशीबाई म्हणाल्या, "म्हंजे सावड."

सगळ्यांना एकदम समजलं. भाताच्या लावणीला आज तुम्ही सगळे माझ्या शेतात उतरायचं, उद्या मी तुमच्या शेतात. कोणी कोणाला मजुरी द्यायची नाही, कोणी मागायची नाही. सर खूष झाले. करारात आपण ही चार पानं कशाला लिहिली, असं त्यांनी मला नंतर विचारलं.

पुण्याची माणसं येत राहिली. सुट्टीच्या दिवसांत तर गाड्या भरून. कार्ड दाखवायची, पाय धुवायची, आत जायची. काशीबाईंनी एकालाही अडवलं नाही. आणि राखणदारही सभासद असलाच पाहिजे या सरांच्या नियमाने काशीबाईंकडेही पिवळं कार्ड होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कनवटीला.

त्या गुरुवारी आम्ही तिघं पहाटेच्या एसटीने वरंधा घाटातून पुण्याला गेलो. सर, मी आणि काशीबाई. त्यांनी नवं लुगडं नेसलं होतं आणि बरोबर तुपाची बरणी घेतली होती. सावडीला जायचं तर रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणाल्या.

खिडकीतल्या माणसाने तीन कार्डं उलटीपालटी करून पाहिली. मग समोरची यादी पाहिली. "महाड यात नाही."

सर म्हणाले, "तुमच्या सभासदांना तुम्ही जी यादी देता, तिच्यात आहे. ते आमच्याकडे दर आठवड्याला येतात."

"ती आमच्या लोकांनी कुठे जायचं त्याची. ही इथे कोणाला सोडायचं त्याची." हे तो शांतपणे म्हणाला. त्यात त्याला काही वावगं दिसलं नाही. पुन्हा सांगते, वाचणाऱ्याने सावकाश वाचावं: दोन याद्या होत्या. घेण्याची एक आणि देण्याची एक. देण्याच्या यादीत आमचं नाव नव्हतं.

मग तो काशीबाईंकडे बघून सरांना म्हणाला, "या बाई तुमच्याबरोबर आहेत का? सामान बाहेर ठेवायला सांगा त्यांना."

"मी सभासद हाय," काशीबाई म्हणाल्या.

"बाई, तुम्हाला आत जाता येणार नाही."

"माझा एक पाय आतच हाय. वरल्या माळ्याव. दुसरा न्यायला आले."

त्याने सरांकडे असं पाहिलं, जणू विचारत होता, या बाईंचं काही बरं नाही का. सरांनी मुकाट्याने खिशात हात घातला. तिकीट काढणार होते. मी त्यांचा हात धरला. "सर, तिकीट काढायचं नाही. हा हक्क आहे. आज आपण तिकीट काढलं तर करार आपणच मोडला असं होईल." मी मोठ्याने बोलले. रांगेतली माणसं बघायला लागली, तेव्हा आणखी मोठ्याने बोलले. काशीबाईही म्हणाल्या, "नको गुरुजी. सावडीला जाऊन आपणच मजुरी द्यायची, हे कुठलं?" पण बोलताना त्यांची नजर त्या माणसाच्या खांद्यावरून मागे जिन्याकडे होती. ती मी पाहिली. पाहूनही मी बोलत राहिले.

वरिष्ठ आले. पत्र लिहा, विचार करू, म्हणाले. आम्ही बाहेर पडलो. काशीबाईंनी तुपाची बरणी फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या हातात दिली. तो घेईना. "घे रे बाबा. आणलेलं परत न्यायचं नसतं. तू पण दाराशीच बसतोस."

परतीच्या एसटीत घाट सुरू झाला तेव्हा त्या माझ्याजवळ सरकून बसल्या. "तू भांडलीस ते बरं केलंस गो सुजाता. खरंच बरं केलंस. पण मी आईला बघायला गेले होते."

एवढंच बोलल्या. राग नव्हता. तेच मला जास्त लागलं.

मी पत्रक काढलं. महाडला वाटलं, पोलादपूरला वाटलं, पुण्याला जाऊन त्या संग्रहालयाच्या फाटकाबाहेरही वाटलं. सरांनी पत्रं लिहिली. एक उत्तर आलं की यादीची पुढची छपाई होईल तेव्हा दुरुस्ती करू. छपाई झाली, दुरुस्ती झाली नाही. सरांनी चित्राचा फोटो मागितला, तर आत फोटो काढायला बंदी आहे असं कळवलं. सरांनी मग आठवणीने ते चित्र पुन्हा काढून बघितलं. मोतीबिंदू झालेले डोळे, म्हातारा हात. काशीबाईंनी ते नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "ही तुमची ठकू हाय, गुरुजी. माझी नाय."

मी म्हटलं, आता पुण्याच्या कार्डवाल्यांना आपण दार बंद करू. ज्या तळ्याचं पाणी आमच्या माणसांना एकेकाळी बंद होतं, त्याच्या काठी वाढलेल्या माणसाला दार बंद असणं म्हणजे काय ते कोणी शिकवायला नको. तेव्हा आता त्यांनाही कळू दे. चित्रशाळेच्या बैठकीत मी तसा ठराव मांडला. काशीबाई दारातूनच म्हणाल्या, "आली पत्रकवाली. अगो, दार बंदच ठेवायचं तर कुलूप पुरतं. मला कशाला बसवलीय?"

"पण त्यांनी सावड मोडली, काशीबाई."

"त्यांनी मोडली. मी कशाला मोडू?"

ठराव पडला. आणि मग काशीबाईंनी जे सुरू केलं ते माझ्या कुठल्याच पत्रकात नव्हतं.

पुण्याची माणसं आली की पाय धुवायला लावायच्या, गाव विचारायच्या, आणि "तुमचं इथं काय नाय" असं म्हणण्याऐवजी आता म्हणायच्या, "पुण्याला वरल्या माळ्याव माझी आय टांगलीय. हातात विळा हाय. तुम्हांस्नी तिथं सोडतात. बघून या नि मला कळवा, कशी दिसते." आणि पत्ता घातलेलं एक पोस्टकार्ड हातात द्यायच्या. पत्ता मी घालून ठेवायचे. मोफत आत सोडलं, आता तुम्ही माझ्याकरता एक काम करा. त्यांची सावड अशी होती.

बहुतेकांनी कार्ड खिशात घातलं आणि विसरले. मी हे लिहून ठेवते, कारण त्यातले काही जण हे वाचत असतील. थोड्यांची कार्डं आली. ती मी वाचून दाखवायचे आणि काशीबाई डोळे मिटून ऐकायच्या. एकाने लिहिलं, बाई सावळ्या आहेत, कपाळ रुंद आहे. काशीबाईंनी स्वतःचं कपाळ चाचपलं. एका मुलीने लिहिलं, त्या चित्रकाराकडे बघत नाहीत, बाजूला बघतात, बहुतेक कोणीतरी हाक मारली असावी. हे कार्ड त्यांनी मला तीनदा वाचायला लावलं. "कोणी मारली असंल गो?" आणखी एकाने लिहिलं, चोळी निळी आहे. त्याच महिन्यात दुसऱ्याचं आलं, चोळी हिरवी.

"हिरवीच असणार. मावशी सांगायची, आयकडं निळं नव्हतंच."

सरांना विचारलं तर ते म्हणाले, "चोळी मी तीन वेळा बदलली. शेवटी कोणती ठेवली, आठवत नाही. मला फक्त दारातला उजेड आठवतो."

मी एकदा काशीबाईंना म्हटलं, "चला, मी तिकीट काढते. कोणाला सांगणार नाही." खरं म्हणजे हे मी फार उशिरा म्हटलं. त्या हसल्या. "तूच म्हणालीस ना, हक्क हाय? मग आता कार्डावरच जाईन. आय कुठं पळत नाय." मला वाद घालता येतो, पण माझ्याच वाक्याशी घालता आला नाही.

२००७ च्या पावसाळ्यात काशीबाई काविळीने गेल्या. पन्नाशीच्या होत्या. कनवटीला पिवळं कार्ड होतं. आलेली सगळी पोस्टकार्डं भाचीने मला दिली. ती माझ्या टेबलाच्या खणात आहेत. सर आता डोळ्यांना दिसत नसतानाही दाराशी येऊन बसतात आणि येणाऱ्याला गाव विचारतात. कुठली भिंत ते मात्र त्यांना सांगता येत नाही. ते काशीबाईंनाच येत होतं. पुण्याच्या देण्याच्या यादीत महाड अजून नाही. परवाच चौकशी केली.

मी स्वतः ते चित्र पाहिलेलं नाही. माझंही कार्ड महाडचंच आहे, आणि ते चालल्याशिवाय मी त्या जिन्यावर पाय ठेवणार नाही. काशीबाईंचं आयुष्य मी ज्या वाक्यात अडकवलं, त्यातून मी एकटी सुटून जाणं बरोबर नाही.

पण तुम्हाला तिथे सोडतात. तेव्हा तुम्ही जा. वरच्या मजल्यावर विळा घेतलेली बाई शोधा. खाली पाटीवर 'डोंगरकन्या' असं लिहिलं आहे, असं कळवणारे सांगतात. कार्यालयात जाऊन सांगा की तिचं नाव ठकूबाई आखाडे आहे आणि पदराबाहेरचा पाय काशीबाई ढेबे यांचा आहे. दोन्ही नावं पाटीवर लिहायला लावा. खिडकीवरच्या माणसाकडे देण्याची यादी मागा आणि तिच्यात महाड लिहून घेतल्याशिवाय तिथून हलू नका. मग परत वर जा, नीट बघा, आणि चोळी हिरवी आहे की निळी ते मला एका पोस्टकार्डावर कळवा.